मत्स्यपात्रातील गढूळ पाणी : वॉरिंग्टनचा प्रयोग व त्याचा अन्वयार्थ

घरगुती मत्स्यपात्राचा इतिहास सामान्यतः व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील एका छंदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याच्या मुळाशी गढूळ पाण्याचा प्रश्न होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली १२ गॅलनांच्या काचपात्रात झऱ्याचे पाणी घेतले, तळाशी वाळू, चिखल व चुनखडीचे तुकडे पसरले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावून दोन लहान सोनमासे सोडले. मासे कार्बनवायू सोडतील, वनस्पती तो शोषून प्राणवायू देतील आणि पाणी न बदलता दोघेही जगतील, हा त्यामागील सिद्धान्त. आरंभी सर्व सुरळीत चालले. पुढे मात्र जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला आणि माशांचे जीवित धोक्यात आले. सिद्धान्तात पान कुजण्याचा विचारच नव्हता! वॉरिंग्टनने उपाय शोधला तो डबक्यातच. त्याने पाच-सहा गोड्या पाण्यातील गोगलगाई पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. हा वृत्तान्त १८५० साली केमिकल सोसायटीपुढे आला.

प्रयोग यशस्वी झाला, परंतु त्याचा अर्थ लोकांनी फार सुलभ करून घेतला. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ मधील ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हे नाव रूढ केले. (लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता, शब्दांचे दैव विचित्र असते.) मासा, वनस्पती आणि गोगलगाय एवढी त्रयी जमली की ‘समतोल’ साधला, अशी समजूत घरोघरी पसरली. विल्यम आल्फर्ड लॉइड याने मात्र निराळा मार्ग धरला. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने तळघरातील अंधाऱ्या टाकीत पात्रांतील पाण्याच्या कितीतरी पट पाणी साठविले आणि ते अखंड फिरते ठेवले. अंधारामुळे पाण्यात तरंगणारे शेवाळ वाढत नसे.

गढूळपणाचे सर्व प्रकार एकाच कारणाने उद्भवत नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. न धुतलेल्या वाळूचा गाळ काही काळाने तळाशी बसतो. हिरवे पाणी हे अतिप्रकाशाचे फळ होय. नव्या पात्रात चार-आठ दिवसांत येणारी दुधाळ छटा ही विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर पोसणाऱ्या जंतूंची असते. त्यांचे अन्न तोडले, म्हणजे उरलेले खाद्य व कुजकी पाने काढून टाकली, की ती आपोआप ओसरते. गोगलगाईंनी केले ते इतकेच. अधीर मनुष्य सारे पाणी ओतून वाळू घासून धुतो आणि तिच्यावर नुकतीच वस्ती करू लागलेल्या उपकारक जंतूंनाही घालवून बसतो. पिण्याच्या पाण्याला तुरटी फिरविणाऱ्या घरात तोच उपाय मत्स्यपात्रावर करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तुरटी पाण्यातील अल्कता खर्ची घालते, आणि आम्लता वाढल्यास मासे दगावतात. मराठीत पाणी ‘निवळते’, हे क्रियापद अकर्मक आहे. दुधाळ छटेच्या बाबतीत ते अगदी अन्वर्थक ठरते.

वाळूवरील हे उपकारक जंतू दुधाळ छटेच्या जंतूंहून भिन्न होत. ते माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. १८५० साली वॉरिंग्टनला त्यांची कल्पना असणे शक्य नव्हते. ही क्रिया सजीवांमुळे होते, हे १८७७ साली श्लेझिंग व म्युन्ट्झ यांनी फ्रान्समध्ये दाखविले. तो धागा रॉथॅमस्टेड येथे उचलून क्रियेचे दोन टप्पे दोन निरनिराळे जंतू घडवितात असे प्रतिपादन करणारा संशोधक होता रॉबर्ट वॉरिंग्टन. काचपात्राच्या प्रयोगकर्त्याचाच पुत्र. पिता १८६७ सालीच निवर्तला होता. जंतू वेगळे काढण्याचे श्रेयही पुत्राला लाभले नाही. ते १८९० साली विनोग्राड्स्कीकडे गेले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जंतूही असतो, हे तर २०१५ साली उघड झाले, आणि त्याचा एक नमुना मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतच सापडला.