ओंडक्यांखालची जमीन

आजोबांना मुंबईतल्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव कधी पचलं नाही. "कापूस शेटजींचा, आमच्या वाट्याला लाकडाचा भुसा," म्हणायचे. कापसाचा बाजार आधी कोटातल्या हिरवळीवर भरे. तिथून तो कुलाब्याला गेला, मग इकडे आला आणि येताना नावही घेऊन आला. लाकडाला कुणी स्टेशन दिलं नाही. दारुखान्याकडचं लकडी बंदर, एवढीच त्याची खूण.

आजोबा वखारीत ओंडके उचलायचे. मलबारचं सागवान, ब्रह्मदेशाचं सागवान; वासावरून ओळखत, आणि आम्ही हसलो की चिडत. खांद्यावर गोणपाटाची घडी, पुढे मुकादमाची आरोळी. त्यांचे वडील म्हणे बजावत, "हळू ठेव रे, खाली दर्या आहे." हे खोटं नव्हतं. माझगाव ते शिवडीची ५८३ एकर जमीन १९०८ ते १९१२ या काळात भराव टाकून काढलेली.

जी जमीन मुळात कुणाचीच नव्हती, तिच्यावरून पुढे पिढ्यान् पिढ्या कज्जे चालले. मालक होता मुंबई पोर्ट ट्रस्ट, १८७३ सालचा. वखारी, गोदामं, कारखाने भाडेपट्ट्याने दिलेले. पट्टा संपला तरी माल हलत नसे. मालक म्हणे ताबा बेकायदा, भाडेकरू म्हणे आम्ही भाडं भरतोय. भाडे नियंत्रण कायद्याचं छत्र भाडेकरूंना नव्हतं, कारण पोर्ट ट्रस्टला त्यातून सूट होती.

पोर्ट ट्रस्टचे भाडेकरू द्वारकादास मारफतिया यांच्या खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सूट असली तरी मनमानी चालणार नाही; भाडेकरूला काढायचं तर ते लोकहितासाठीच. दुसरे भाडेकरू जमशेद वाडिया यांच्या खटल्यात २००४ साली भाडेवाढीचा प्रश्न आला. सरकारी मालकाने नफेखोर घरमालकासारखं वागू नये, असं न्यायालय म्हणालं. मला हे शब्द पटतात. पण दोन्हीकडे भांडणारे कागदवालेच. एकीकडे विश्वस्त मंडळ, दुसरीकडे भाडेकरू. ओंडका उचलणारा वादीही नाही, प्रतिवादीही नाही.

आजोबांच्या ट्रंकेत वखारीचा एकही कागद निघाला नाही. तळाशी ती गोणपाटाची घडी होती.

आणि मारफतियांचं काय झालं? तत्त्व त्यांच्या बाजूने मांडलं गेलं, अपील फेटाळलं गेलं.