प्रकाश मंदावला की काटा चुकला?

आजचा भाग मी पुण्याच्या खोलीतून नाही, तर गावाकडून रेकॉर्ड करतोय. सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. धान निघायचे दिवस आहेत, त्यामुळे मागून थ्रेशरचा आवाज आला तर समजून घ्या.

विषय सुचला तो एका फॉरवर्डमुळे. माझा चुलतभाऊ बारावीला आहे. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात जुन्या प्रयोगांचे आकडे एकाखाली एक लिहिलेले होते आणि वर मथळा होता: प्रकाशाचा वेग कमी होतोय, शास्त्रज्ञ लपवतायत. मी सवयीनं म्हणालो, "खोटं आहे, डिलीट कर." तो म्हणाला, "पण दादा, तुले कसं माहीत?"

मी गप्प. बीटेक झालं, रोज कोड लिहितो, पण प्रकाशाचा वेग माझ्यासाठी पाठ केलेला एक आकडा होता. तो बदलतो की नाही हे कुणी तपासलं, हे मला सांगता येईना. म्हणून हा भाग.

आधी एक घरची गोष्ट. मी लहान असताना घरी मोजून भरलेलं धान विकायला नेलं की तिथल्या काट्यावर दर पोत्यामागं वजन कमी भरायचं. व्यापारी सांगायचा, धान वाळलं. आता धान वाळतं हे खोटं नाही. पण आबाजी म्हणायचे, "धान पाह्यच, पण काटाबी पाह्य." एका वर्षी ते घरून २० किलोचं लोखंडी वजन सोबत घेऊन गेले आणि पोत्याच्या आधी तेच काट्यावर ठेवलं. त्या दिवशी काय झालं ते शेवटी सांगतो.

आता फॉरवर्डमधले आकडे बघू. गंमत म्हणजे ते बहुतेक खरे आहेत.

१६७६ साली ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये सांगितलं की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. गुरूचा आयो हा चंद्र ग्रहणातून बाहेर येण्याची वेळ पृथ्वी दूर असताना उशिरा दिसते, हे त्यानं पकडलं होतं. १८४९ मध्ये फिझो यानं फिरतं दातेरी चाक वापरून वेग मोजला, तो खऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के जास्त आला. मग अल्बर्ट मायकेलसन आला. १८७९ मध्ये त्याचा आकडा होता सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर. १९२६ मध्ये २,९९,७९६. त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी पूर्ण केलेल्या प्रयोगाचा निकाल १९३५ मध्ये आला, २,९९,७७४.

दिसतंय ना? आकडा उतरतोच आहे. आणि हे फक्त आपल्याला दिसलं असं नाही. १९३४ साली ग्यूरी द ब्रे यानं 'नेचर'सारख्या साप्ताहिकात लिहिलं की प्रकाशाचा वेग खरोखर कमी होत असावा. कुणी काही लपवलं नव्हतं, उघड चर्चा चालू होती.

१९४१ मध्ये बर्ज या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं उपलब्ध मापं एकत्र करून आकडा दिला २,९९,७७६, चूक जास्तीत जास्त ४ किलोमीटरच्या आसपास. मग महायुद्ध झालं, रडारचं तंत्र आलं, आणि १९५० मध्ये ब्रिटनच्या लुई एसेननं सूक्ष्मलहरी वापरून मोजलं: २,९९,७९२.५. म्हणजे आकडा एकदम १६ किलोमीटरनं वर गेला! प्रकाश पंधरा वर्षांत पुन्हा धावायला लागला का? नाही. आधीच्या मापांतच चूक होती आणि ती सांगितल्यापेक्षा मोठी होती. माणूस असा आहे की उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की तो चूक शोधतो, जुळलं की थांबतो. डीबगिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

१९७२ मध्ये अमेरिकेत बोल्डर इथं लेझरनं मोजलं, तेव्हा चूक सेकंदाला जेमतेम १ मीटरवर आली. १९८३ मध्ये एक मोठा निर्णय झाला. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवून टाकला आणि मीटरची व्याख्याच त्यावरून केली.

इथं हुशार पोरं म्हणतील, मग तर झालंच! ज्या पट्टीनं मोजायचं ती पट्टीच प्रकाशाची, मग बदल दिसणार कसा? बरोबर. म्हणून नुसत्या वेगाबद्दल विचारून चालत नाही. असा आकडा लागतो ज्याला मीटर नाही, सेकंद नाही, कुठलंच एकक नाही. तो आहे सूक्ष्मरचना स्थिरांक, सुमारे १ भागिले १३७. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग, हे सगळे त्यात एकत्र येतात. यातलं काही बदललं तर इथं सापडण्याची शक्यता आहे.

आणि तो जुन्या काळातला कसा बघायचा? लांबच्या क्वेसारचा प्रकाश अब्जावधी वर्षं प्रवास करून येतो. वाटेतल्या वायूच्या ढगातले अणू त्यावर बारकोडसारख्या काळ्या रेघा सोडतात. विश्वाच्या प्रसरणामुळं सगळ्या रेघा एकाच पटीत सरकतात. पण हा स्थिरांक वेगळा असेल तर मॅग्नेशियमची रेघ थोडी सरकेल आणि लोखंडाची जास्त. तो फरक शोधायचा.

१९९९ पासून ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब यांच्या गटानं हवाईच्या केक दुर्बिणीतून हेच केलं आणि सांगितलं की पूर्वी हा स्थिरांक लाखात अर्ध्या भागाइतका कमी होता. प्रकाश पूर्वी जास्त वेगवान होता का, यावर जगभर मथळे झाले.

आता ही गोष्ट आपल्या पुण्यात येते. नारळीकर सरांनी उभी केलेली आयुका ही संस्था. तिथले रघुनाथन श्रीआनंद आणि हुम चंद यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपचा डेटा घेतला. १८ क्वेसार, वाटेतले २३ वायूढग. २००४ मध्ये निकाल आला: गेल्या सुमारे १० अब्ज वर्षांत बदल दिसत नाही.

इथं गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. पण वेब यांच्या गटानं पुण्याच्या विश्लेषणावर आक्षेप घेतला: तुमचा प्रोग्राम डेटाला सगळ्यात चांगली जुळणारी उत्तरं शोधतच नाही, म्हणून चुकीची मर्यादा फार लहान दिसते. म्हणजे बग आहे! पुण्याच्या गटानं उत्तर दिलं आणि पुन्हा विश्लेषण केलं. चुकीची मर्यादा वाढली, पण बदल दिसला नाही. हे सगळं छापील, नावानिशी.

मग २०१५ मध्ये वेब यांच्याच जुन्या गटातल्या मायकेल मर्फी यांनी जोनाथन व्हिटमोर यांच्यासोबत दोन्ही दुर्बिणींचे वर्णपटमापक तपासले. कसे? लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आणि सूर्यासारख्या ताऱ्यांचा प्रकाश त्यातून पाठवून. या प्रकाशातल्या रेघा कुठं असायला हव्यात हे आधीच माहीत होतं. निघालं असं की दोन्ही उपकरणांत तरंगलांबीची पट्टी किंचित वाकडी पडत होती, आणि जे बदल सापडले म्हणून गाजले होते, ते बरेचसे त्यातून येऊ शकत होते.

२० किलोचं लोखंडी वजन, दुसरं काय.

आबाजींच्या त्या दिवशी काटा दीड किलोनं कमी दाखवत होता. पण काटा दुरुस्त करून पोतं पुन्हा ठेवलं, तरी वजन घरच्यापेक्षा थोडं कमीच भरलं. तेवढं धान खरंच वाळलं होतं. आबाजींनी तेही मुकाट्यानं मान्य केलं.

म्हणून चुलतभावाला मी आता "खोटं आहे" एवढंच सांगत नाही. फॉरवर्डमधले आकडे खरे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. प्रकाशाचा वेग बदलल्याचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. बदल असलाच तर तो लाखात एका भागापेक्षाही लहान आहे, आणि शोध अजून चालू आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या लोखंडी वजनाचं वजन कोणी तपासलं?"

पुढचा भाग त्यावरच करतो. तोवर तुमच्याकडे असा आकड्यांचा एखादा फॉरवर्ड आला असेल तर डिलीट करण्याआधी मला पाठवा. भेटू लवकरच. राम राम.