अभिनयात जायचंय? आधी काम, मग युनियनचं कार्ड: उमरी-नांदेडच्या कुटुंबांसाठी माहिती

‘मालिकेसाठी नवीन चेहरे पाहिजेत. नोंदणी फी भरा, युनियनचं कार्ड काढून देऊ, रोल पक्का.’ असे मेसेज आता उमरी, धर्माबाद, भोकर, मुदखेड अशा गावांतल्या मोबाईलवरही येतात. घरातला मुलगा किंवा मुलगी रील्स चांगले करते, चार लोक कौतुक करतात. मग अम्मीच्या दागिन्यांवर किंवा अब्बूंनी हातगाडीवर, दुकानावर जमवलेल्या पैशावर हा खर्च करावा का, असा प्रश्न उभा राहतो.

अभिनय करावा की करू नये, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो निर्णय ज्याच्या त्याच्या घराने करावा. पण ज्यांनी जायचं ठरवलंय त्यांना रस्ता नीट माहीत असावा, म्हणून ही माहिती. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कार्ड असलं म्हणून काम मिळत नाही. काम करत गेलं की कार्डाचा उपयोग होतो. हा क्रम उलटा सांगून जो पैसे मागतो, त्याच्यापासून लांब राहा.

आपल्याकडची माणसं कशी पोचली?

दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान. त्यांचं बालपणातलं शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीत झालं. पुण्यात लष्कराच्या कँटीनमध्ये काम केल्यावर ते बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरीला लागले आणि १९४४ साली ‘ज्वार भाटा’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला. त्या काळी स्टुडिओ पगारावर नट ठेवत असत. ती पद्धत आता राहिली नाही.

नवाजुद्दीन सिद्दीकी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये त्यांना एक छोटा प्रसंग मिळाला. लोकांच्या तोंडी नाव येण्यासाठी २०१२ चा ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ यावा लागला. म्हणजे शिक्षण पूर्ण करूनही मध्ये बारा-तेरा वर्षं गेली.

दुसरं उदाहरण २०१६ च्या ‘सैराट’चं. नागराज मंजुळे यांनी मुंबईचे चेहरे न घेता सोलापूर जिल्ह्यातली गावाकडची पोरं निवडली. त्यात सल्याचं काम करणारा अरबाज शेख आपल्याच समाजातला. मात्र अशी निवड क्वचित होते, तिच्या भरवशावर शिक्षण सोडू नये.

तिसरा रस्ता मालेगावचा. यंत्रमागाच्या या गावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० च्या सुमाराला ‘मालेगाव के शोले’ केला. हाताशी असलेली साधनं आणि गावातलेच कलाकार घेऊन त्यांनी काम भागवलं. ‘मालेगाव का सुपरमॅन’मधला सुपरमॅन शफीक शेख हा यंत्रमाग कामगार होता. पुढे या मंडळींवर माहितीपट आणि हिंदी चित्रपटही निघाला. पण हेही लक्षात ठेवा की यातल्या बहुतेकांचं पोट त्या सिनेमांवर चाललं नाही. हातातला धंदा सांभाळूनच त्यांनी तो शौक केला.

सुरुवात नांदेडमधूनच

मुंबईला जाण्याआधी करण्यासारखं बरंच काही जवळ आहे. उमरीहून नांदेड रेल्वेने साधारण तासाभरावर.

– सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नांदेडला असतं. स्थानिक नाट्यसंस्थांना लहान भूमिकांसाठी, पडद्यामागच्या कामासाठी माणसं लागतातच. तालमीला जाऊन बसा, पडेल ते काम करा.

– कॉलेजात असाल तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय या प्रकारांत उतरा. विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे.

– पदवीनंतर पुण्याचं ललित कला केंद्र, एफटीआयआय, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग, दिल्लीचं एनएसडी असे पर्याय आहेत. एनएसडी पदवीबरोबर नाटकांचा अनुभव मागते आणि निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती देते. म्हणून नांदेडला केलेल्या नाटकांची प्रमाणपत्रं, फोटो आणि पत्रिका जपून ठेवा.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आधीपासून आहे. घरात दख्खनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात मराठी आणि सीमेजवळ राहिल्याने थोडीफार तेलुगूही. दख्खनीची काहींना लाज वाटते. पण हैदराबादला ‘अंग्रेज’सारखे सिनेमे याच बोलीवर चालले. प्रमाण मराठी आणि हिंदी-उर्दूचे उच्चार मेहनतीने घोटा, पण घरची बोली विसरू नका. आवाज चांगला असेल तर डबिंगचा वेगळा व्यवसाय आहे. शिवाय उमरीहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ. तिथे रामोजी फिल्म सिटी आहे आणि तेलुगू कलाकारांची १९९३ साली स्थापन झालेली स्वतःची संघटना, मूव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, आहे.

ऑडिशन म्हणजे नेमकं काय?

आता पहिली चाचणी बहुतेक वेळा घरूनच होते. मोबाईल आडवा धरायचा, मागे साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, आवाज स्वच्छ. आधी नाव, उंची, गाव, येणाऱ्या भाषा सांगायच्या, मग दिलेला प्रसंग करायचा. याला सेल्फ टेप म्हणतात. महागड्या फोटोसेशनची गरज नसते. मेकअप नसलेले, अलीकडचे चार-पाच स्वच्छ फोटो सुरुवातीला पुरतात.

मुंबईत अंधेरी पश्चिमेच्या वर्सोवा भागातलं आराम नगर ऑडिशनसाठी ओळखलं जातं. चित्रीकरण गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत आणि आसपासच्या स्टुडिओंत चालतं. जायचं ठरलं तर निदान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखर्च हाताशी असावा, सोबत दुसरं एखादं काम येत असावं. शिवणकाम, एडिटिंग, शिकवणी, डिलिव्हरी, काहीही चालेल. खिशात पैसे नसले की माणूस कुठल्याही कागदावर सही करतो.

युनियन कोणत्या आणि कुणासाठी?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. म्हणून वेगवेगळं सांगतो.

*सिंटा:* सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन. संवाद असलेल्या भूमिका करणाऱ्या कलाकारांची ही मुंबईतली संघटना. आधी तिचं नाव कॅरॅक्टर आर्टिस्ट्स असोसिएशन होतं, नोंदणी १९५८ ची. कार्यालय अंधेरी पश्चिमेला. सदस्यत्वाचे प्रकार, अटी आणि फी वेळोवेळी बदलतात, म्हणून आकडा फक्त कार्यालयातून किंवा संघटनेच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच घ्या. पैसे संघटनेच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या.

*ज्युनिअर आर्टिस्ट:* गर्दीच्या प्रसंगात, लग्नाच्या वरातीत, बाजारात दिसणारे कलाकार. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट्स असोसिएशन आणि बायकांचा महिला कलाकार संघ अशा त्यांच्या वेगळ्या संघटना आहेत. त्यांचं कार्ड म्हणजे सिंटाचं कार्ड नव्हे.

*फेडरेशन:* फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज. १९५६ पासूनची ही संघटनांची संघटना. कॅमेरा, प्रकाशयोजना, वेशभूषा, मेकअप अशा वेगवेगळ्या कामांच्या संघटना तिच्याखाली येतात.

*मराठीसाठी:* अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, मुख्यालय कोल्हापूर. रंगभूमीसाठी १९०५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

कार्डाशिवाय काम करता येतं का?

येतं. युनियनचं सदस्य व्हायलाच पाहिजे असा कायदा नाही. ‘फक्त आमच्याच सदस्यांना काम द्या’ अशा सक्तीविरुद्ध निर्माते विपुल शहा भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगाने ही पद्धत स्पर्धा कायद्याच्या विरोधात ठरवली आणि ती बंद करण्याचा आदेश फेडरेशन व संबंधित संघटनांना दिला. प्रत्यक्षात सेटवर कार्ड विचारलं जातं, हे खरं. तरी पहिल्या कामाआधीच कर्ज काढून कार्ड घ्यायचं कारण नाही.

अमेरिकेतही साधारण असंच आहे. तिथल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेत जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे आधी तिच्या करारातलं काम करून दाखवणं. याच संघटनेने २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला. कृत्रिम बुद्धिमत्तेने कलाकाराचा चेहरा आणि आवाज परस्पर वापरला जाऊ नये, ही त्यातली एक मोठी मागणी होती.

मग युनियन कशाला? पैसे अडकल्यावर. टीव्हीत काम केल्यावर मोबदला ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे आणि शिफ्ट १२ तासांची चालते. निर्माता टाळाटाळ करू लागला तर गावाकडचा एकटा पोरगा काय करणार? अशा वेळी संघटना सदस्याची लेखी तक्रार घेते आणि निर्मात्यांच्या संघटनेसमोर विषय मांडते. पण त्यासाठी हातात कागद हवा.

कागद जपा

१. लेखी करार. १९८१ च्या सिने कामगार कायद्याने चित्रपटासाठी लेखी करार सांगितला होता. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून तीत दृकश्राव्य कामगारांसाठी कराराची तरतूद आहे. करारात भूमिका, दिवस, रक्कम आणि रक्कम कधी मिळणार, हे चार मुद्दे स्पष्ट पाहिजेत. तुमचा चेहरा, आवाज आणखी कुठे वापरणार, तेही वाचा.

२. करार मिळत नसेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर तारीख आणि रक्कम लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

३. मोबदला बँकेतून घ्या. टीडीएस कापला की त्याची नोंद तुमच्या पॅनवर फॉर्म २६एएसमध्ये दिसते. तीच पुढे कामाचा पुरावा ठरते.

४. आधार, पॅन आणि बँक, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. आपल्याकडे शेख, सय्यद आधी की नंतर, यावरून बरेच अर्ज अडकतात. पडद्यावर वेगळं नाव घेतलं तरी कागदावर खरंच नाव लागतं.

मुली आणि लहान मुलं

पालकांची सगळ्यात मोठी काळजी इथे असते आणि ती रास्त आहे. खरी ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत, दिवसा होते. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जाऊ नका. पहिल्या काही वेळा घरचं कुणीतरी सोबत असावं. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात चित्रीकरणाची जागाही कामाचं ठिकाण धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. मुलीने घरी येऊन काही सांगितलं तर आधी तिचं ऐकून घ्या. ‘तरी सांगत होतो’ म्हणून तिलाच गप्प केलं, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

लहान मुलांसाठी केंद्राचे नियम कडक आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि शाळा बुडू द्यायची नाही. मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हा पैसा मुलाचा आहे, घरखर्चाचा नाही.

फसवणूक ओळखायची कशी?

ऑडिशनसाठी फी, ‘रोल पक्का’ची हमी, आजच पैसे भरा म्हणून घाई, एखाद्याच्या खासगी नंबरवर यूपीआय आणि पावती नाही. यातली एक खूण जरी दिसली तरी थांबा. चांगला कास्टिंग डायरेक्टर कलाकाराकडून पैसे घेत नाही, त्याला निर्माता पैसे देतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. लाजेपोटी गप्प बसलात तर तोच माणूस उद्या शेजारच्या घरी फोन करेल.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी या वर्षी नांदेडला एक नाटक करावं, पदवी पूर्ण करावी आणि कागदांची एक फाईल तयार ठेवावी. काम मिळू लागलं की सिंटाचं कार्यालय कुठे जात नाही. आणि घरच्यांनी मुलाला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्याआधी एकदा त्याचं नाटक समोर बसून बघावं.