आउटबोर्ड बोटीचा पंखा
बोटीच्या पिछाडीला टांगलेल्या इंजिनाचा जोर पाण्यात उतरवणारे पात्यांचे चक्र. पंख्याच्या निवडीत निर्णायक ठरतो तो पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितके इंच पुढे सरकेल ते अंतर. पिच १ इंचाने वाढवला की इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने उतरतात. म्हणून नेहमीच्या वजनासह, पूर्ण थ्रॉटलला फेरे उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत बसतात का, हे सर्वांत आधी पाहावे. मोठ्या पिचच्या मोहाने इंजिन गुदमरते, वेगही जातो. स्टेनलेस पाती ॲल्युमिनियमपेक्षा कमी वाकतात, पण खडकावर आपटल्यास धक्का गिअरपर्यंत पोचू शकतो. इंजिन थोडे वर बसवल्यास पाण्याचा विरोध घटतो. फार वर नेल्यास पंखा हवा ओढतो आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी तुटते.