युनिक्स संगणकातील बूट-अपयश

युनिक्स संगणकातील बूट-अपयश : जुन्या युनिक्स यंत्रात डिस्क, कार्ड किंवा मेमरी बदलल्यानंतर कार्यप्रणाली सुरू न होणे. कारण बहुधा एकच असते. यंत्रातील जोडणी बदललेली असते, पण फर्मवेअर, कर्नल किंवा माउंट तक्त्यातली तिची नोंद जुनीच राहते.

मुंबईच्या उपनगरांत अशी यंत्रे लवकर आली. 1973 मध्ये अंधेरीत सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र सुरू झाले. जुहूची एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था (आजची सी-डॅक) आणि पवईची आयआयटी यांच्यात 1986 मध्ये टेलिफोनमार्गे ई-मेल सुरू झाली. बँकांच्या संगणकीकरणावरील रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांतही युनिक्सने जम बसवला. संशोधनसंस्थांत सन मायक्रोसिस्टिम्सची वर्कस्टेशन, तर शाखांत पीसीवर चालणारे एससीओ युनिक्स अशी साधारण विभागणी होती.

निदानाची सुरुवात स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीपासून होते. स्क्रीन कोरी असली म्हणजे यंत्र मेलेच असे नाही. सनच्या यंत्राला कीबोर्ड सापडला नाही, तर सगळे संदेश पहिल्या सीरियल पोर्टवर 9600 बॉडने जातात. फर्मवेअरचा ‘ओके’ प्रॉम्प्ट येत असेल तर ‘प्रोब-स्कझी’ ही आज्ञा कोणकोणती उपकरणे दिसतात ते सांगते. मात्र चालू युनिक्स ‘स्टॉप-ए’ने थांबवून ती दिली तर यंत्र अडकू शकते. म्हणून आधी ‘ऑटो-बूट’ बंद करून यंत्र रिसेट करावे.

डिस्क आणि इतर उपकरणे एकामागोमाग जोडणाऱ्या स्कझी साखळीतल्या चुका नेहमी आढळतात. साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो; कंट्रोलरचा बहुधा 7 असतो. जुन्या स्पार्कस्टेशनमध्ये मूळ डिस्कचा 3 आणि सीडी-रॉमचा 6 हे ठरलेले. नवी डिस्कही 3 वरच राहिली, तर दोन्ही एकमेकींना अडवतात आणि कधी जुनी डिस्कच खराब झाल्याचा भास होतो. टर्मिनेटर साखळीच्या दोन्ही टोकांना हवा, मध्ये कुठेही नको.

डिस्क दिसते, कर्नलही लोड होतो, पण पुढे गाडी अडते, तेव्हा डिस्कचा स्कझी क्रमांक बदललेला असण्याची शक्यता मोठी. सोलॅरिसमध्ये ‘बूट -आर’ने उपकरणांच्या नोंदी नव्याने तयार होतात, परंतु माउंट तक्ता असलेल्या व्हीएफएसटॅब फाइलमधली जुनी नावे त्याने बदलत नाहीत. त्यासाठी सीडीवरून एकल-वापरकर्ता स्थितीत बूट करून, मूळ विभाग माउंट करून ती फाइल हाताने दुरुस्त करावी लागते. सनच्या यंत्रावर आयडीप्रॉम (यंत्राची ओळख-नोंद) अवैध असल्याचा संदेश आला, तर दोष बहुधा ती नोंद ठेवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधल्या बॅटरीचा. ती चिपच्या आवरणातच बंद असते. ती संपली की यंत्राचा इथरनेट पत्ता आणि होस्ट-आयडी दोन्ही जातात, आणि होस्ट-आयडीला बांधलेले परवाना-सॉफ्टवेअर चालेनासे होते.

एससीओमध्ये डिस्क-कंट्रोलर बदलला आणि कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर नसला, की ‘एसआरमाउंटफन’ असा पॅनिक संदेश येऊन यंत्र थांबते. अशा वेळी जुने कार्ड परत लावावे, ड्रायव्हर घालून कर्नल पुन्हा लिंक करावा आणि मगच नवे कार्ड बसवावे. लिंक केलेला कर्नल उठला नाही, तर बूट प्रॉम्प्टवर ‘युनिक्स.ओल्ड’ लिहून आधीचा चालवता येतो. जुन्या पीसीतली सीमॉस बॅटरी संपून डिस्कची भूमिती चुकीची नोंदली गेली, तर बूट होत नाही. त्या स्थितीत फाइलप्रणाली तपासणारी ‘एफएससीके’ आज्ञा चालवणे मात्र घातक, कारण धड असलेली माहितीही त्याने बिघडू शकते.

उपनगरांतल्या पावसाळी दमट हवेत कार्ड आणि मेमरीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. नवा भाग बसवताना शेजारचे जुने कार्ड जरा हलले, तरी यंत्र बंद पडते आणि संशय नव्या भागावर जातो. कार्डाची कड पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, कण झटकून पुन्हा घट्ट बसवणे हा जुन्या इंजिनिअरांचा पहिला उपाय, आणि तो अनेकदा पुरतो.

उपाय करताना शेवटचा बदल उलटवून यंत्र पूर्ववत उठते का ते पाहावे, आणि नंतर एका वेळी एकच बदल करावा. पुन्हा इन्स्टॉल करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण बहुतेक वेळा डिस्कवरची माहिती जशीच्या तशी शाबूत असते.