कोपऱ्यातला कर्णा : एका घराचा ध्वनी-इतिहास

डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या निवडून त्या श्रोत्यांपुढे वाजवणारा माणूस. मराठीने मात्र या शब्दाचा अर्थ पालटून टाकला आहे. 'मिरवणुकीत डीजे होता', 'डीजेवर बंदी आली' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर माणूस येत नाही. वाहनावर रचलेली स्पीकरची भिंत येते. शब्दाच्या प्रवासात निवड करणारा गळाला आणि यंत्र तेवढे उरले. त्यामुळे घरी डीजे म्हणून संगीत वाजवायचे तर स्पीकर कोणते घ्यावेत, हा प्रश्न आपल्याला केवळ दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो : वॅट किती आणि किंमत किती? परंतु या प्रश्नाला एक सांस्कृतिक इतिहास आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण न्यूयॉर्कमधल्या एका घरात घडले आहे.

डेव्हिड मॅन्कुसो (१९४४-२०१६) हा ६४७, ब्रॉडवे या पत्त्यावर गोदामवजा प्रशस्त माळ्यावर राहत असे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी त्याने तेथे मित्रमंडळींना नाचासाठी बोलावले. पुढे हे घर 'द लॉफ्ट', म्हणजे 'माळा', याच नावाने ओळखले जाऊ लागले. प्रवेश निमंत्रितांनाच असे, मद्यविक्री नव्हती, खाणे आणि फळांचे सरबत प्रवेशमूल्यातच मिळे. या तपशिलांमागचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. जून १९६९ मध्ये याच शहरातल्या 'स्टोनवॉल इन'वर पोलिसांनी छापा घातला होता आणि त्यातून समलिंगी समाजाचा उद्रेक झाला होता. मॅन्कुसोच्या निमंत्रितांत समलिंगी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मंडळी मोठ्या संख्येने असत. सार्वजनिक ठिकाणी ज्यांच्या नाचण्यावर पाळत होती, त्यांना या घराचे दार उघडे होते. येथील ध्वनियंत्रणेचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. पाहुण्याला रात्रभर सुखाने थांबता यावे, हे या घराचे मुख्य प्रयोजन होते.

मॅन्कुसोने निवडले ते 'क्लिप्शहॉर्न' नावाचे स्पीकर. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श या अभियंत्याने १९४० च्या दशकात ते सिद्ध केले. जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्याचे तत्त्वच येथे वापरलेले आहे. खर्जाचे सूर मोठे करायला फार लांबरुंद कर्णा लागतो आणि तो घरात मावत नाही. क्लिप्शने कर्ण्याची घडी घालून तो पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितली. कोपऱ्याच्या दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा उरलेला भाग पुरा करतात. म्हणजे घर हाच स्पीकरचा एक अवयव होतो. उत्पादकाच्या आकड्यांनुसार अवघ्या १ वॅटमध्ये १ मीटर अंतरावर हा स्पीकर सुमारे १०५ डेसिबल आवाज देतो. सामान्य घरगुती स्पीकर ८७ च्या आसपास असतो. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, हे लक्षात घेतले तर हा फरक साठपटीहून अधिक भरतो. स्पीकर असा असला की अ‍ॅम्प्लिफायरला धाप लागत नाही, आवाज फाटत नाही आणि कान शिणत नाहीत.

पुढे मॅन्कुसोने ध्वनितज्ज्ञ अ‍ॅलेक्स रोझनर यांच्याकडून ट्वीटरचे झुबके करवून घेतले आणि ते नाचाच्या जागेवर छताला, चारी दिशांना तोंडे करून टांगले. झांजेचा झणत्कार खोलीत सगळीकडे सारखा पोहोचावा, कोणी आवाजाच्या सावलीत राहू नये, हा हेतू. १९८० च्या दशकात तर त्याने मिक्सरच काढून टाकला आणि तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत अखंड वाजवणे पसंत केले. स्वतःला तो डीजे म्हणवत नसे, 'संगीताचा यजमान' म्हणवून घेई. यजमान हा शब्द आपल्याला परका नाही. घरगुती मैफलीत गाणाऱ्याइतकीच बैठक घालणाऱ्याची जबाबदारी असते, हे आपण जाणतो.

याच शहरात ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्स भागातल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या संगीतापासून हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. हर्क जमैकात जन्मलेला; मोकळ्या जागी प्रचंड स्पीकर रचण्याची तिथली परंपरा तो जाणत होता आणि पुढे तोही उद्यानांत वाजवू लागला. मैदानाला भिंती नसतात, कोपरे नसतात. तेथे शक्तीच लागते. दोन्ही निवडी आपापल्या जागी योग्यच होत्या. चूक होते ती मैदानाचे माप घरात आणल्यावर.

घराला शेजार असतो, हेही या इतिहासातच आहे. १९७४ मध्ये ब्रॉडवेची जागा सोडून मॅन्कुसो ९९, प्रिन्स स्ट्रीट येथे जाऊ लागला, तेव्हा त्या भागातील रहिवाशांनी विरोध केला. प्रकरण महापालिकेच्या चौकशीपर्यंत गेले आणि खासगी निमंत्रणावर चालणाऱ्या, काहीही न विकणाऱ्या या मेळाव्याला नाचघराचा परवाना लागत नाही, असा निर्णय झाला. कायद्याने घराला घर मानले. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा इंची स्पीकर आणणाऱ्याला हे आकडे माहीत असावेत. तिथे लहान, स्वच्छ आवाजाची, कानाच्या उंचीवर बसवलेली जोडी पुरते. भिंतीला अगदी चिकटवली तर खर्ज फुगतो, थोडी पुढे ओढली की तो उलगडतो.

लॉफ्टमध्ये नाचायला येणाऱ्यांतूनच लॅरी लेव्हान आणि फ्रँकी नकल्स हे पुढचे नामवंत डीजे घडले. त्यांनी घडवलेली नाचघरे मोठी होती, स्पीकरही मोठे होते. पण ऐकायला ते शिकले एका माणसाच्या राहत्या घरात, जिथे आधी पाहुण्यांचा विचार झाला, मग खोलीचा, आणि सर्वांत शेवटी यंत्राचा.