डॉगरिज खुंट : टेक्सासच्या डोंगरातून आपल्या मचूळ बोअरपर्यंत



द्राक्षबाग लावायची म्हटलं की आपण नर्सरीवाल्याला सरळ सांगतो, "डॉगरिज द्या." बोअरचं पाणी मचूळ असलं तर विचारायचं कामच नाही. पण हा डॉगरिज मूळचा कुठला, खारं पाणी सोसतो म्हणजे नेमकं काय करतो आणि कुठं कमी पडतो, हे फारसं बोललं जात नाही. जुन्या बागा काढून नवीन लावण करणारे बरेच जण आहेत. खुंट एकदा लावला की पुढची पंधरा वर्षं तोच सांभाळायचा असतो. म्हणून आज त्याची जन्मकथा.

डॉग रिज हे गावाकडच्या टेकाडासारखंच एका जागेचं नाव. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या बेल काउंटीत ही जागा आहे. तिथल्या रानवेलीतून हा खुंट निवडला थॉमस मन्सन या माणसाने. मन्सनचा जन्म १८४३ चा. पुढे तो टेक्सासातल्या डेनिसन गावी स्थायिक झाला आणि आयुष्यभर रानातल्या द्राक्षवेली हिंडून गोळा करत राहिला. डॉगरिज ही 'चॅम्पिनी' जातीची वेल, म्हणजे रानात आपोआप झालेला संकर. मूळ दांडगं, वाढ जोरदार. खाऱ्या पाण्याचा विचार तेव्हा त्या वेलीबाबत कुणाच्या डोक्यात नव्हता.

त्या काळात द्राक्षवाल्यांचं संकट वेगळंच होतं. १८६० नंतर फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाची मुळावरची बारीक कीड घुसली आणि बागाच्या बागा वाळल्या. ही कीड अमेरिकेतूनच गेलेली, त्यामुळे अमेरिकन रानवेलींची मुळं तिला दाद देत नव्हती. मग अमेरिकन खुंटावर फ्रेंच द्राक्षाचं कलम हा उपाय निघाला. पण कोन्याक भागातल्या चुनखडीच्या जमिनीत हे खुंट पिवळे पडायला लागले. तेव्हा १८८७ मध्ये फ्रान्सने पियर व्हियाला या शास्त्रज्ञाला अमेरिकेत पाठवलं. मन्सनने त्याला मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या 'बर्लांडिएरी' जातीकडे नेलं. जिथली वेल चुनखडीतच जन्मली, ती फ्रान्सच्या चुनखडीत टिकणार, असा साधा हिशेब. तो बरोबर निघाला. १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने मन्सनचा सन्मान केला.

यातली गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे लोकांनी शेजारच्याची बाग बघून खुंट निवडला नाही. आधी आपल्या जमिनीचं दुखणं ओळखलं आणि मग वेल शोधली.

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. तुमच्या पाण्याच्या रिपोर्टवर 'सी३-एस१' असं काहीतरी लिहिलेलं असतं बघा. ही वर्गवारी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेतून आली. ती १९३७ मध्ये सुरू झाली आणि १९५४ मध्ये तिने क्षारयुक्त जमिनीवरचं हँडबुक ६० काढलं. त्यात ईसी ०.७५ ते २.२५ म्हणजे सी३, त्याच्या पुढे सी४. 'एस' म्हणजे सोडियमचा धोका. सत्तर वर्षं झाली, आपल्याकडचे रिपोर्ट अजून त्याच भाषेत येतात.

क्षार वेलीला दोन बाजूंनी मारतात. एक, मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. दोन, क्लोराइड आणि सोडियम मुळातून वर चढून पानात साठतात आणि पानाच्या कडा जळतात. रिव्हरसाइडच्याच शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की स्वमुळावरच्या वेलीपेक्षा डॉगरिज आणि सॉल्ट क्रीक या खुंटांवरच्या वेलीच्या पानात क्लोराइड कितीतरी कमी चढतं. म्हणजे खुंट क्लोराइडला मुळाशीच अडवतो. कीड आणि चुनखडीच्या काळात निवडलेली वेल क्षाराच्या कामी आली ती अशी.

आपल्याकडे फायलोक्सेराची भानगड नाही. त्यामुळे थॉमसन, तास-ए-गणेश वगैरे बागा वर्षानुवर्षं स्वमुळावरच होत्या. काडी लावली, मूळ फुटलं, झाली बाग. पण बोअर खोल गेले, पाणी मचूळ व्हायला लागलं, वर दुष्काळ. सोलापूर, सांगली, नाशिक, सगळीकडे थोडीफार हीच कथा. नव्वदच्या दशकापासून खुंटावर पाचर कलम करून बाग उभी करायची पद्धत पसरली आणि त्यात डॉगरिज पुढे राहिला. पाण्याची ओढ सोसतो, क्लोराइड अडवतो, आणखी काय पाहिजे?

पण इथंच थांबून बघा. पहिलं म्हणजे खुंट पाणी गोड करत नाही. क्षार पानात गेला नाही तरी मातीत साठतोच. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांची क्षार सोसण्याची मर्यादा मांडली. त्यात द्राक्षाला मातीचा ईसी १.५ पर्यंत चालतो, पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन साधारण ९.६ टक्क्यांनी घटतं. हा आकडा संपृक्त अर्काचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब १:२.५ पद्धतीने ईसी देतात, तो त्याहून कमी दिसतो. रिपोर्टवर ०.८ बघून निवांत राहू नका.

दुसरं म्हणजे सोडियम. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अभ्यासांत दिसलं, की डॉगरिजवरच्या वेलीत काही खुंटांच्या तुलनेत सोडियम जास्त साठतं, आणि पालाश कमी पडलं की पानं काळी पडून जळतात. आपली काळी जमीन आधीच सोडियमने चोपण होणारी. म्हणजे क्लोराइडवर चालणारं औषध सोडियमवर तितकं चालत नाही. शिवाय डॉगरिजचा जोर जास्त, भारी जमिनीत तो आवरताना छाटणीला घाम फुटतो.

म्हणून आता ११०-आर या खुंटाचं नाव ऐकू येतं. तो फ्रान्समध्ये तयार झालेला संकर, आणि त्याची एक बाजू बर्लांडिएरीची. म्हणजे मन्सनने दाखवलेली तीच चुनखडीवरची वेल!

तेव्हा खुंट सांगण्याआधी पाणी आणि माती दोन्ही तपासा. रिपोर्टात नुसता ईसी नको, क्लोराइड, सोडियम आणि एसएआर वेगवेगळे मागा. क्लोराइड जास्त आणि सोडियम कमी असेल तर डॉगरिजला तोड नाही. सोडियम चढं असेल तर दुसऱ्या खुंटाची चौकशी करा, जिप्सम आणि निचऱ्याची सोय लावणीआधी करा, आणि पावसाळ्यात मुळाभोवतीचे क्षार धुऊन निघतील असं बघा. शेततळ्यात पावसाचं पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळलं तरी बराच फरक पडतो.

तुमच्याकडे कोणता खुंट आहे आणि बोअरचा ईसी किती, खाली जरूर लिहा. नवीन लावण करणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.